अडीच गुंठ्यांचा हक्क

‘अलॉटमेंट’ हा शब्द कानी पडताच केंद्र सरकारच्या चाकरीत केस पिकविलेल्या आम्हां मंडळींच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहते : सरकारी घर मिळाल्याचे पत्र. वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत आपला क्रमांक न्याहाळावा, कोण बदलून जातो आणि कोण निवृत्त होतो याचे गणित मांडावे, आणि ते पत्र एकदाचे हाती पडले की वसाहतीचे नाव वाचण्याआधी मजला वाचावा, हा अनुभव या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांच्या गाठी असेल. तळमजला मिळावा म्हणून आम्ही तर देव पाण्यात घातले होते. कारण तळमजल्याच्या पाठीशी चार-दोन वाफ्यांपुरती का होईना, माती असते.

इंग्लंडात या शब्दाचा रूढ अर्थ निराळा आहे. गावाच्या अथवा नगराच्या कौन्सिलाने सामान्य रहिवाशास वार्षिक भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा, ज्यात त्याने स्वतः खपून मुख्यतः आपल्या कुटुंबापुरता भाजीपाला आणि फळे पिकवावीत, त्यास तेथे ‘अलॉटमेंट’ म्हणतात. या तुकड्याचे परंपरागत माप दहा ‘रॉड’. रॉड म्हणजे साडेपाच यार्डांची काठी. आपल्याकडेही शिवकालात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा अशी मोजणी होती. जमीन काठीनेच मोजावी हे दोन्ही देशांच्या शेतकऱ्यांस आपापल्या परीने सुचले. दहा चौरस रॉड म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा, अर्थात आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे. या अडीच गुंठ्यांसाठी तेथील भूमिहीनांनी सुमारे अडीचशे वर्षे झगडा केला, एकदा तर या प्रश्नावर लंडनचे मंत्रिमंडळ कोसळले, हे आम्हांस बरेच दिवस ठाऊक नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने मार्च महिन्यात तीन आठवडे त्या देशी राहण्याचा योग आला. लंडनहून लेस्टरकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून रुळांच्या कडेने मोडक्या फळ्यांच्या आणि पत्र्याच्या झोपड्यांची रांग दिसू लागली तेव्हा आम्ही मनाशी म्हटले, म्हणजे येथेही लोहमार्गाच्या कडेला झोपडपट्टी आहेच! शेजारच्या प्रवाशाने आमचा चेहरा वाचला असावा. त्याने हसून सांगितले की, तेथे कोणी राहत नाही. फावडी, कुदळी आणि चहाची किटली ठेवण्याच्या त्या खोपी आहेत. पुढील रविवारी आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून अशा एका जागी गेलो.

फाल्गुन सरत आला होता. आमच्या दिल्लीच्या परसात एव्हाना मेथी जून होऊन फुलावर येते, मुळ्याला डिंगऱ्या धरतात, दुधीभोपळ्याचे आणि भेंडीचे बी टोचून होते. तेथे मात्र माती हाताला बर्फासारखी गार लागली. पहाटे पाणी गोठविणारी थंडी त्या देशात मेच्या मध्यापर्यंत केव्हाही झडप घालते, म्हणून कोवळी रोपे काचेच्या झाकणांखाली बसविली होती. तुकड्याचे धनी असलेले एक वृद्ध गृहस्थ गुडघ्याखाली पोते घालून काम करीत होते. त्यांनी आम्हांस अंड्यांच्या पुठ्ठ्यांत ओळीने उभे केलेले बियाण्याचे बटाटे दाखविले. फेब्रुवारीपासून ते खिडकीच्या उजेडात ठेवायचे, डोळे वरच्या अंगाला करून. जाडसर हिरवे-जांभळे कोंब फुटले की गुड फ्रायडेच्या सुमारास सरीत लावायचे. बाकला नावाचा मोठा घेवडा त्यांनी आदल्या कार्तिकात पेरला होता, तो वीतभर वाढून थंडीत तग धरून होता. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा एक कंद. त्याचे बी उगवावयास इतके आळशी की त्याच ओळीत मुळ्याचे बी मिसळून पेरतात, म्हणजे मुळा आधी उगवून ओळ कोठे आहे ते दाखवितो. कोपऱ्यात एक मातीचे घंगाळ पालथे घातलेले होते. ते उचलताच आतून गुलाबी देठ डोकावले. हा रुबार्ब, आपल्या औषधांतील रेवाचिनीचा भाऊबंद. अंधारात कोंडला की त्याचे देठ लवकर वाढतात आणि कोवळे राहतात.

एवढी लगबग असूनही तोडून घरी न्यावे असे त्या वाफ्यांत फारसे नव्हते. थोडे लीक, थोडा केल, जांभळ्या तुऱ्यांची ब्रोकोली, बस्स. हिवाळ्यातील भाज्या फुलावर येऊन संपावयाच्या आणि नवीन काही हाती लागावयाचे नाही, अशा एप्रिल-मेच्या दिवसांना तेथे ‘हंग्री गॅप’ म्हणतात. बाहेर झाडे फुलांनी लहडलेली आणि स्वयंपाकघरात टोपली रिकामी! आपल्याकडे ही ओढगस्त पावसाळ्याच्या तोंडाशी येते, आणि सांडगे-कुरडयांचे डबे त्यासाठीच भरून ठेवलेले असतात. इंग्लंडच्या दरिद्री शेतमजुराची कसोटी वसंतात लागे. या झगड्यातील काही महत्त्वाच्या घटना नेमक्या याच ऋतूत घडल्या.

१६४९ सालचा एप्रिल घ्या. जानेवारीत राजा चार्ल्सचा शिरच्छेद झाला होता, धान्य महाग होते, आणि यादवी युद्धाने गोरगरिबांस देशोधडीस लावले होते. एप्रिलच्या पहिल्या तारखेस सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर जेरार्ड विन्स्टन्ली या कापडाच्या व्यापारात बुडालेल्या गृहस्थाच्या मागे मूठभर माणसे कुदळी घेऊन गेली आणि त्यांनी गावकीची पडीक जमीन खणून तीत पार्सनिप, गाजर आणि घेवडा पेरला. पृथ्वी हा सर्वांचा समाईक ठेवा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. (इकडे त्याच वेळी शहाजीराजे विजापूरच्या कैदेत होते आणि एकोणीस वर्षांचे शिवाजीराजे त्यांच्या सुटकेच्या खटपटीत.) या ‘डिगर’ मंडळींनी कोणावर हात उचलला नाही, पण आसपासच्या जमीनदारांनी त्यांची पिके तुडविली, खोपटी मोडली, खटले भरले. उन्हाळ्यात ती शेजारच्या कॉबम येथे गेली, तेथूनही पुढील वसंतात त्यांना हुसकावून लावण्यात आले. पहिला प्रयोग असा वर्षभरात आटोपला.

पुढची दोनशे वर्षे कुंपणांची. गावाभोवतीच्या गायरानांवर आणि माळांवर गरिबाला गाय चारण्याचा, सरपण वेचण्याचा परंपरागत अधिकार असे. पार्लमेंटात एकेका गावासाठी स्वतंत्र विधेयक आणून ती जमीन कुंपणांत घालण्याचा सपाटा लागला. १६०४ ते १९१४ या काळात अशी पाच हजारांहून अधिक विधेयके आली आणि अडुसष्ट लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडचा सुमारे पाचवा हिस्सा भूमी, खासगी मालकीत गेली. हे सर्व कायदेशीर रीतीने झाले, हे विशेष. सरकारी कागद वाचण्यात हयात गेलेल्या आम्हांस या गोष्टीचे जेवढे वाईट वाटते तेवढे विन्स्टन्लीच्या मोडलेल्या खोपटांचे वाटत नाही. दांडगाईची नोंद दांडगाई म्हणून होते. येथे दर गावच्या दप्तरात रीतसर नकाशा, रीतसर मोजणी आणि रीतसर सही आहे.

नकाशात गरिबासाठी काही सोडले जाई का? क्वचित. विल्टशरमधील ग्रेट सॉमरफर्ड या खेड्यात तेथील पाद्री स्टीफन डेमेनब्रे यांनी तिसऱ्या जॉर्ज राजापर्यंत खटपट करून कुंपणाच्या वेळी गरिबांसाठी बागा राखून घेतल्या. १८०९ सालच्या त्या बागा देशातील सर्वांत जुन्या अलॉटमेंटांत मोडतात. पण असा पाद्री गावोगाव कोठून मिळणार? १८३० साली दक्षिणेकडील शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजी जाळल्या, तेव्हा उपाशी माणसाच्या हाती तुकडाभर माती दिलेली बरी, असा विचार वरच्या वर्तुळांत बळावला. १८४५ च्या कुंपणकायद्याने भूमिहीनांसाठी ‘शेतबागा’ राखण्याची तरतूद केली खरी, पण पुढील वीस-पंचवीस वर्षांत सहा लक्षांहून अधिक एकर जमीन कुंपणांत गेली आणि त्यातून गरिबांच्या वाट्यास आले सुमारे सव्वादोन हजार एकर. तुकडा पाव एकरापेक्षा मोठा नसावा असेही ठरले. कारण मजूर स्वतःच्या वाफ्यात दमला तर मालकाच्या शेतात काय काम करील, अशी धास्ती. शिवाय अनेक ठिकाणी अटी घातलेल्या असत : रविवारी प्रार्थनामंदिरात हजर राहिले पाहिजे, रविवारी कुदळ उचलता कामा नये. सहा दिवस दुसऱ्याच्या शेतावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या माणसाने आपला वाफा कधी खणावा, याचा खुलासा त्या अटींत सापडत नाही.

मताधिकार मिळाला तेव्हा मात्र चक्रे फिरली. १८८४ च्या सुधारणेने खेड्यातील मजुरांपैकी पुष्कळांस मत मिळाले आणि लगेच जेसी कॉलिंग्ज या उदारमतवादी सभासदाच्या ‘तीन एकर आणि एक गाय’ या घोषणेने निवडणूक गाजली. मुंबईत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरून महिना उलटतो न उलटतो तोच, जानेवारी १८८६ मध्ये, राणीच्या भाषणात मजुरांच्या जमिनीविषयी अवाक्षर नाही अशी उपसूचना कॉलिंग्जने मांडली, ती संमत झाली आणि लॉर्ड सॅलिसबरीच्या सरकारास राजीनामा द्यावा लागला. आयर्लंडचे राजकारण त्यामागे होतेच. तरी निमित्त झाले ते वाफ्यांचे. पाठोपाठ १८८७ चा कायदा आला, आणि १९०८ साली तो कायदा आला ज्यावर ही व्यवस्था आजही उभी आहे. त्यातील एक कलम आम्हांस फार आवडते. कोणत्याही सहा मतदारांनी अथवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर स्थानिक कौन्सिलाने ती विचारात घेतलीच पाहिजे, आणि गरज असल्याचे आढळल्यास जमीन पुरविली पाहिजे. फक्त सहा माणसे! आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या सभेसदेखील गणपूर्तीला याहून अधिक लागतात.

कायदा कागदावर होता. त्याला अंग भरले ते युद्धाने. १९१६ साली बटाट्याचे पीक बुडाले, आणि फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनी दिसेल ते जहाज बुडविण्याचा सपाटा सुरू केला. अर्ध्याहून अधिक अन्न परदेशांतून आणणाऱ्या बेटावर याचा अर्थ सांगावयास नको. पडीक जागा मालकाच्या संमतीवाचून ताब्यात घेण्याचा अधिकार नगरसभांना त्याआधीच, १९१६ च्या अखेरीस मिळाला होता. त्या वसंतात क्रीडांगणे, उद्याने, लोहमार्गाच्या कडा सर्वत्र माणसे खणू लागली. बकिंगहॅम राजवाड्यासमोरील व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकाभोवती फुलांच्या ताटव्यांऐवजी भाजी लावण्यात आली. आणि ज्या रविवारी कुदळ उचलणे हे पाप होते त्या रविवारी शेतात काम करण्यास प्रत्यक्ष कँटरबरीच्या आर्चबिशपांनी मोकळीक दिली. भूक शास्त्रार्थ बदलते. १९१८ पर्यंत तुकड्यांची संख्या पंधरा लक्षांच्या घरात गेली, युद्धापूर्वीच्या दुपटीहून अधिक. या धांदलीत एक घातक चूकही घडली : रुबार्बची पाने भाजी म्हणून खावी, असा सल्ला लोकांस देण्यात आला. देठ खाण्याजोगे असले तरी पानांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. काही जण दगावले, तेव्हा तो सल्ला मागे घ्यावा लागला.

युद्ध संपले आणि बऱ्याच जमिनी मालकांकडे परत गेल्या. मंदीच्या काळात वेल्सच्या बेकार खाणकामगारांस क्वेकर पंथीयांनी बी-बियाणे आणि हत्यारे पुरवून पुन्हा वाफ्यांवर आणले, तोच दुसरे महायुद्ध उभे राहिले. ऑक्टोबर १९३९ मध्ये शेतकीमंत्री डॉर्मन-स्मिथ यांनी आकाशवाणीवरून आणखी पाच लक्ष तुकड्यांची हाक दिली. ‘डिग फॉर व्हिक्टरी’ ही घोषणा घराघरांत पोहोचली. मिडल्टन नावाचे माळी रविवारी दुपारी बी.बी.सी.वरून चार मित्रांशी बोलावे तसे वाफ्यांविषयी बोलत आणि लक्षावधी लोक ते ऐकत. लंडन टॉवरच्या खंदकात भाजी पिकली, बॉम्बने पडलेल्या घरांच्या चौथऱ्यांवर पिकली. आम्हांस मौज वाटली ती कांद्याची. इंग्लंडचा पुष्कळसा कांदा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून व चॅनेल बेटांतून येई. १९४० च्या जूनमध्ये दोन्ही जर्मनांच्या हाती गेली आणि कांदा बाजारातून अंतर्धान पावला. इतका की वाढदिवसास लोक कांदा भेट देऊ लागले, कचेऱ्यांतून एकेका कांद्याची सोडत निघू लागली! १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत कांद्याने काय केले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

आपल्याकडेही त्याच युद्धात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नर-जनरल राजाजींनी आपल्या प्रासादाच्या आवारात गहू पेरविला, आणि १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जनपथावरील आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला. मोहिमा आल्या आणि ओसरल्या. इंग्लंडातही ओसर आलाच. चौदा लक्षांवर गेलेले तुकडे १९७० च्या सुमारास पाच-साडेपाच लक्षांवर आले. १९६९ मध्ये प्राध्यापक थॉर्प यांच्या समितीने यांस यापुढे ‘फुरसतीच्या बागा’ म्हणावे, असे सुचविले. जनतेने जुनेच नाव ठेवले हे बरे झाले. आज सुमारे सव्वातीन लक्ष तुकडे उरले आहेत आणि कित्येक शहरांत ते मिळण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागते. हे वाचून आमच्या घराच्या यादीची आठवण न होती तरच नवल.

लेस्टरच्या त्या वृद्धांच्या शेजारचा तुकडा एका गुजराती बाईंचा होता. १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या कुटुंबांपैकी एकातल्या त्या. काचेच्या झाकणाखाली त्यांनी मेथी आणि कोथिंबीर उगवली होती. दुधीचे बी घरातच, उष्णतेच्या नळाशेजारी कुंड्यांत टोचले होते, जूनमध्ये बाहेर लावावयाचे म्हणून. घरदार, दुकान सर्व सोडून आल्यावर या देशात पहिली आपली वस्तू कोणती वाटली, असे आम्ही विचारले. त्यांनी मेथीकडे बोट दाखविले आणि एक मूठभर खुडून आम्हांस दिली. प्रशिक्षणकेंद्राच्या खोलीत ती शिजविण्याची सोय नव्हती. आम्ही ती पावात घालून कच्चीच खाल्ली.

परत आल्यावर तेथील कायदे मुळातून वाचले. त्यांत १९२२ चा एक आहे, १९५० साली तो दुरुस्त झाला. भाडेकऱ्यास तुकडा सोडावयास सांगायचे तर काही अपवाद वगळता बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तिची मुदत ६ एप्रिल रोजी वा तत्पूर्वी, नाहीतर २९ सप्टेंबर रोजी वा तदनंतर संपली पाहिजे. म्हणजे वसंतात पेरलेले शरदापर्यंत पेरणाऱ्याचेच. मध्ये कोणी त्याला उठवू नये. शिवाय उभ्या पिकाची आणि मातीत घातलेल्या खताची भरपाई. पार्लमेंटातील कायदा लिहिणाऱ्या कोणा कारकुनाने बटाट्याला किती दिवस लागतात याचा हिशेब केला होता, हे वाचून आमच्याच पेशातील त्या अज्ञात माणसाविषयी फार आदर वाटला.

आमच्या बदलीच्या हुकुमाला ऋतू नसतो. दिल्लीच्या त्या तळमजल्यावर आम्ही सहा वर्षे होतो. पहिली दोन विटांचे तुकडे वेचण्यातच गेली. मग गावाकडून आईने धाडलेल्या बियांचे गवार-पडवळ झाले, कढीपत्ता झाला, कोपऱ्यात शेवग्याची फांदी रोवली ती लागली. हुकूम आला तो गुवाहाटीचा, फाल्गुन वद्यात. दुधीला पहिली फुले आली होती. घर ताब्यात घ्यावयास आलेल्या माणसाने पंखे मोजले, नळ मोजले, खिडक्यांची तावदाने मोजली. झाडांचा रकाना त्याच्या तक्त्यात नव्हता. त्याचा तो दोष नव्हे.

चार वर्षांनी परतलो ते दुसऱ्या वसाहतीत, पाचव्या मजल्यावर. एका रविवारी जुने घर पाहून आलो. तेथे एक तमिळ कुटुंब राहत होते. बाईंनी नाव विचारले, मग आत जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या शेंगांची जुडी आणली. ‘तुमच्या झाडाच्या,’ म्हणाल्या. त्यानंतर दर चैत्रात एक जुडी येत राहिली, आणि आमच्या सौभाग्यवतींकडून तीळकूट आणि पुरणपोळ्या तिकडे जात राहिल्या. वसाहत जुनी झाली होती. ती पाडून बहुमजली इमारती उभारणे क्रमप्राप्तच होते. भिंतीवर नोटीस लागली ती मार्चमध्ये. शेवगा फुलावर होता.